मदत हवी आहे: मुलीची नडगी दुखतेय, डॉम्स, शिन स्प्लिंट की स्ट्रेस फ्रॅक्चर? (खाण्याबद्दलही विचारायचंय)

नमस्कार मंडळी, मुलगी दहावीत आहे, आठशे मीटर पळते, पहाटे ग्राउंड आणि रविवारी पर्वतीच्या पायऱ्या. गणपतीनंतर स्पर्धा जवळ आल्या म्हणून सरांनी पळणं एकदम वाढवलं, तेव्हापासून डावी नडगी आतल्या बाजूने दुखतेय, घोट्याच्या वर चार बोटं. आधी नुसतं पळायला सुरुवात केली की दुखायचं आणि अंग गरम झालं की थांबायचं, आता घरचा जिना उतरतानाही कठडा धरते. सर म्हणतात डॉम्स आहे, जाईल. जिममधला ट्रेनर म्हणतो शिन स्प्लिंट. आणि ओळखीतले एकजण म्हणाले स्ट्रेस फ्रॅक्चर तर नाही ना बघा, ते ऐकल्यापासून मला झोप नाही. एक्सरे मात्र नॉर्मल आलाय. यात नेमका फरक काय ते कोणी नीट सांगेल का? प्रॅक्टिस बंद करू की कमी करू?

दुसरं म्हणजे वजन उतरलं की टायमिंग सुधारतं असं कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलंय. पोळी-भात जवळपास बंद, कार्ब नको म्हणते आणि प्रोटीन पावडर आण म्हणून मागे लागलीये. द्यावी का?

प्रतिसाद १:
ताई, मी फिजिओ आहे, कोथरूडला. पाय न बघता निदान करणार नाही पण डॉम्स वाटत नाही. सवयीपेक्षा जास्त व्यायाम झाला की स्नायू दुखतात ते डॉम्स, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आणि आठवड्याच्या आत जातं, तेही मांडी-पोटरीत, बहुतेक दोन्ही पायांत. एकाच नडगीच्या हाडावर इतकं टिकत नाही.

शिन स्प्लिंटमध्ये नडगीच्या आतल्या कडेने दाबत गेलं तर लांबलचक पट्टा दुखतो. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे सारखा भार पडून हाडाला गेलेली बारीक चीर, तिथे बोट ठेवून 'इथेच' असं दाखवता येतं, आणि पुढेपुढे बसल्याबसल्या, रात्रीही ठणकतं. तिला आत्ता बोट ठेवायला सांगा. आणि एक्सरेवर विसंबू नका, अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. तोपर्यंत पळणं, उड्या, पायऱ्या पूर्ण बंद, आणि पेनकिलर देऊन पळवायचं तर अजिबात नाही.

मला जास्त काळजी खाण्याची वाटतेय. खर्च होते तेवढी एनर्जी पोटात गेली नाही तर शरीर हाडं आणि पाळीवर काटकसर करायला लागतं, याला रेड-एस म्हणतात, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये हे नाव दिलं. पाळी नियमित आहे का हे तिला शांतपणे, एकटीला विचारा. पळणाऱ्यांचं मुख्य इंधन कार्बच, त्यामुळे पोळी-भात आजपासून परत सुरू. प्रोटीन खेळाडूंना दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते २ ग्रॅम लागतं, म्हणजे ४५ किलोच्या मुलीला ५५ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात ६, मोठ्या ग्लासभर दुधात ७-८, मूठभर शेंगदाण्यांत ७ च्या आसपास, वर डाळ, उसळ, पनीर, दही. घरच्या खाण्यात होतं, पावडरीची गरज नाही.

धागाकर्ती:
खूप आभार. आत्ता विचारलं, बोट एकाच जागी ठेवलं तिने. आणि पाळी तीन महिने आलेली नाहीये, मला बोललीच नव्हती. उद्याच ऑर्थोकडे नेते. अजून काही तपासण्या सांगू का त्यांना?

प्रतिसाद १:
दोन्ही गोष्टी त्यांना आधी सांगा, एमआरआयचं विचारा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि व्हिटॅमिन डी करून घ्या. पाळीसाठी गायनॅकना वेगळं दाखवा, हाड बरं झालं म्हणून ते सोडून देऊ नका. आणि सरांशी तुम्ही स्वतः बोला, तिच्यावर टाकू नका, पोरं सरांना नाही म्हणू शकत नाहीत.