स्विफ्ट प्लसमध्ये सुझुकीचं इंजिनच नाही??

कुर्लेकर_पक्या: मंडळी मदत हवीय. माझा मावसभाऊ शिकायला ब्रॅम्प्टनला गेलाय, कॅनडात, तिकडे जुनी गाडी बघतोय. काल फोटो पाठवला, सुझुकी स्विफ्ट प्लस, २००७ ची. मी म्हटलं डोळे झाकून घे, आपल्या घरात दहा वर्षं स्विफ्ट आहे काही त्रास नाही. तर तिकडचा मेकॅनिक म्हणतो ही शेवरोले आहे. बॅज तर सुझुकीचा ना राव! दुसरी पाँटिॲक व्हाइब आहे २००६ ची, पण मावशी म्हणते बंद पडलेल्या कंपनीची गाडी नको.

टायमिंगबेल्ट: मेकॅनिक बरोबर बोलतोय. स्विफ्ट प्लस म्हणजे शेवरोले ॲव्हिओ, कोरियात जीएम-देवूने (जीएम म्हणजे अमेरिकेची जनरल मोटर्स, शेवरोले आणि पाँटिॲक हे तिचेच ब्रँड) बनवलेली, तिथलंच १.६ लिटरचं इंजिन. आपल्या स्विफ्टशी फक्त नावाचा संबंध. टायमिंग चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे (इंजिनाचे वॉल्व वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा), तुटला की वॉल्व वाकलेच समज. कधी बदललाय ते बिलासकट विचार.

डिझेलवाला: यात नवल काय, आपली स्विफ्ट डिझेल काय मारुतीच्या डोक्यातून आली होती का 😄 फियाटचं १.३, तेच टाटाच्या व्हिस्टात तेच फियाटच्या पुंटोत, एकाने डीडीआयएस म्हटलं एकाने क्वाड्राजेट एकाने मल्टीजेट. २०२० ला बीएस६ (धुराचे कडक नियम) आलं आणि मारुतीने ते बंद केलं, अजून जीव जळतो.

अंधेरी_ते_अल्बर्टा: मी १४ वर्षं इकडे आहे. व्हाइबच घ्या. ती टोयोटा मॅट्रिक्सची जुळी बहीण, मॅट्रिक्स ऑन्टॅरिओत केंब्रिजला बनायची आणि व्हाइब कॅलिफोर्नियात जीएम-टोयोटाच्या एकत्र कारखान्यात, बोनेट उघडलं की आत टोयोटाचं १.८. पाँटिॲक २०१० ला बंद झाली तरी इंजिनाचे पार्ट टोयोटाचे चालतात, आणि बॅजमुळे भाव मॅट्रिक्सपेक्षा कमी. २००९-१० ची २.४ लिटर इंजिनवाली असती तर ऑइल पिते का ते बघा म्हटलं असतं. इंजिनापेक्षा जॅकवर चढवून खालून गंज बघा, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ते गाडी खातं.



कुर्लेकर_पक्या: खूप आभार दादा. शनिवारी जॅकवर चढवून बघणार आहे. मावशीला सांगितलं आतून टोयोटा आहे, तर म्हणते मग बाहेर लिहायला काय झालं होतं 🤦