पुरवठादाराच्या ईमेलवरून बँक खाते बदलल्याचे कळवले आहे. पैसे पाठवावेत का?

शिरोलीकर (प्रश्न)
नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचे लहान मशीन शॉप आहे. राजकोटच्या एका पुरवठादाराकडून आम्ही अनेक वर्षे बेअरिंग घेतो आणि त्यांचे सुमारे चार लाखांचे बिल ३१ मार्चच्या आत चुकते करायचे आहे. काल त्यांच्या नेहमीच्या पत्त्यावरून, आमच्याच जुन्या पत्रव्यवहाराला उत्तर म्हणून, एक ईमेल आला. लेखापरीक्षणामुळे नेहमीचे खाते तात्पुरते बंद असून रक्कम सोबत दिलेल्या खात्यात जमा करावी, असे त्यात लिहिले आहे. सोबत रद्द केलेला धनादेश आणि बिलाची नवी प्रत आहे. बिल क्रमांक, जीएसटी क्रमांक, मालाचे दर, सारे अचूक आहे. बदलला आहे तो फक्त खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड. पत्ता अक्षर अन् अक्षर तपासला असून तो तोच असल्यामुळे हिशेबनीसांच्या मते शंकेला जागा नाही. मला मात्र खात्री वाटत नाही. आरटीजीएस करण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

खतावणी
आरटीजीएस आज करू नका. पुरवठादाराच्या मालकांना किंवा त्यांच्या हिशेबनीसांना फोन करा, पण तो तुमच्या जुन्या बिलावर किंवा फोनमध्ये आधीपासून असलेल्या क्रमांकावर. कालच्या ईमेलच्या तळाशी दिलेल्या क्रमांकावर नव्हे. धनादेशाच्या चित्रातील आकडे बदलणे हे पाच मिनिटांचे काम असल्याने त्याला पुरावा मानण्यात अर्थ नाही.

वेळही पाहा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावी लागतात, आणि मुदत उलटून ती वर्षअखेरीस थकीत राहिली तर त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही. मार्चमध्ये प्रत्येक हिशेबनीस या घाईत असतो, हे फसवणाऱ्यांनाही पक्के ठाऊक आहे. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत: सौदी अराम्कोकडून यायचे सुमारे १९७ कोटी रुपये भलत्याच खात्यात गेल्याची ओएनजीसीची तक्रार २०१५ मध्ये मुंबई पोलिसांकडे नोंदली गेली होती. तिथे बनावट पत्त्यात ‘एन’ आणि ‘जी’ या दोन अक्षरांची अदलाबदल केलेली होती.

सांगली_पेठ
इतका खटाटोप कशासाठी? रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी खातेदाराचे नाव आधी पाहण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. लाभार्थी जोडताना नाव दिसते; जुळले तर पैसे पाठवावेत, नाही तर थांबावे.

डाकघर
सोय उत्तम आहे आणि वापरावीच, कारण या पद्धतींत रक्कम केवळ खाते क्रमांकावर जमा होते; आपण टाइप केलेले नाव जुळले पाहिजे असे बंधन नसते. पण नाव जुळले म्हणजे खाते खरे, असा निष्कर्ष काढू नये. मिळत्याजुळत्या नावाने चालू खाते उघडून ठेवणारेही असतात. नाव जुळले नाही तर व्यवहार थांबवावा, आणि जुळले तरी फोन करावाच.

आता पत्त्याविषयी. ‘आर’ आणि ‘एन’ ही लहान इंग्रजी अक्षरे शेजारी आली की ‘एम’सारखी दिसतात, त्यामुळे डोळ्यांनी केलेली तपासणी पुरेशी नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पत्ता खरोखर तोच असला तरी पत्र त्यांनीच लिहिले, असे सिद्ध होत नाही. पुरवठादाराचा पासवर्ड चोरीला गेला असेल, तर चोर त्यांच्याच ईमेल खात्यात बसून जुना पत्रव्यवहार वाचतो आणि त्याच साखळीत उत्तर देतो. असे पत्र एसपीएफ, डीकेआयएम वगैरे, म्हणजे पाठवणारा सर्व्हर खरा आहे का हे पाहणाऱ्या, तांत्रिक कसोट्यांवरही उत्तीर्ण होते, कारण ते खऱ्याच सर्व्हरवरून निघालेले असते. बिलातील बारीकसारीक तपशील अचूक आहेत, यावरून मला हाच संशय येतो. फक्त घुसखोरी त्यांच्याकडे झाली आहे की तुमच्याकडे, हे अजून ठरायचे आहे.

शिरोलीकर
जुन्या क्रमांकावर फोन केला. असा ईमेल त्यांनी पाठवलेला नाही आणि त्यांचे खाते व्यवस्थित चालू आहे. मात्र परवा आम्ही बिलाच्या तारखेविषयी विचारलेला ईमेल त्यांना दिसलाच नव्हता. याचा अर्थ काय घ्यावा? आणि पैसे गेले असते तर ते परत मिळाले असते का?

डाकघर
तुमचा ईमेल त्यांना दिसला नाही, ही मोठी खूण आहे. चोर आत शिरला की बहुधा एक नियम लावून ठेवतो: ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ असा शब्द असलेला ईमेल इनबॉक्समध्ये न येता वाचलेला म्हणून दुसऱ्या फोल्डरमध्ये जावा, किंवा त्याची प्रत बाहेरच्या पत्त्यावर जावी. मूळ मालकाला पत्ताही लागत नाही. त्यांना सेटिंग्जमधील फिल्टर आणि फॉरवर्डिंग ही दोन्ही पाने उघडून अनोळखी नियम काढायला सांगा. काढण्यापूर्वी त्यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण हे नियम तसेच राहतात. सर्व उपकरणांवरून लॉगआऊट करावे, खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन आणि ईमेल तपासावा आणि मग ॲपवर आधारित द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डशिवाय ॲपमधला कोडही मागणारी) सुरू करावी. हीच तपासणी तुम्ही तुमच्या ईमेल खात्यातही करा.

खतावणी
पैसे गेले असते तर तासातासाने आशा कमी झाली असती. तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ आणि लाभार्थीचे खाते सांगायचे. पुढच्या खात्यांत वळवण्यापूर्वी रक्कम हाती लागली तर ती गोठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाला दिलेले संरक्षण अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, आणि आपणच मंजुरी देऊन पाठवलेली रक्कम त्यात बसवणे अवघड जाते. शिवाय पुरवठादाराचे देणे उभेच राहते, हा वाद वेगळा.

तुमच्या नेट बँकिंगमध्ये नोंद करणारा आणि मंजुरी देणारा वेगवेगळा ठेवण्याची सोय असेल, तर मंजुरी स्वतःकडे ठेवा. नवे खाते जोडले की आधी एक रुपया पाठवून तो मिळाल्याचे फोनवरच विचारा. आणि तुमचे पैसे वाचले असले तरी तो खाते क्रमांक राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर आणि संबंधित बँकेला कळवा, तसेच पुरवठादारांना त्यांच्या सर्व ग्राहकांना आजच फोन करायला सांगा. हाच ईमेल त्यांपैकी आणखी कोणाकडे गेला असण्याची शक्यता बरीच आहे.