अनुभव धागा : जुन्या विटांच्या बँकेचं वय कसं ओळखायचं?

दारावर जे स्थापनेचं साल कोरलेलं असतं ते बहुतेकदा बँकेचं, इमारतीचं नव्हे. नागपुरातल्या बर्डी, इतवारी, सिव्हिल लाइन्सकडच्या जुन्या विटांच्या इमारतींचा इतिहास लावताना काय पाहायचं आणि कुठे फसगत होते, ते जाणकारांनी लिहावं. आठवणी दुसऱ्या धाग्यावर.

नझूलवाला
आधी जागा नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी जमीन, आहे का ते पाहा. शीट आणि प्लॉट क्रमांक घेऊन नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. भाडेपट्ट्याची तारीख जमिनीची असते, भिंतीची नाही. पत्रिकेतली पहिली नोंदही मोजणीच्या वेळची. इमारत त्याआधीच उभी असू शकते.

साल नसलेला कागद बँकेच्या बदलत गेलेल्या नावांवरून लावता येतो. बँक ऑफ बेंगाल लिहिलं असेल तर तो २७ जानेवारी १९२१ च्या आधीचा. इम्पीरियल बँक असेल तर तिथून जून १९५५ पर्यंतचा. १ जुलैपासून स्टेट बँक. शिक्क्यावर 'मध्यप्रदेश' दिसलं म्हणून कागद बाजूला टाकू नका. १९५० पासून ऑक्टोबर १९५६ संपेपर्यंत नागपूर त्याच राज्याची राजधानी होतं.

गर्डर_पाहा
कागद नंतर, आधी मान वर करा. जॅक आर्चचं छत म्हणजे लोखंडी गर्डर आणि दोन गर्डरांमध्ये विटांची चपटी कमान. गर्डरच्या उभ्या बाजूवर कारखान्याचं नाव उठलेलं असतं. रंगाचे थर हलक्या हाताने खरवडा आणि टॉर्च तिरपी धरा, समोरून धरली तर अक्षरं दिसत नाहीत. टाटाचं नाव निघालं तर तो गर्डर १९१२ च्या आधीचा असूच शकत नाही, जमशेदपूरचं पोलाद त्या वर्षी निघू लागलं. डॉर्मन लाँग निघालं तर माल विलायतेचा एवढंच कळतं. तो कितीतरी वर्षं येत राहिला.

इतवारी_कट्टा
अन् गर्डर कबाड्याकडून आणलेला असला तर, भाऊ? पाडलेल्या इमारतींचे गर्डर सर्रास दुसरीकडे चढवत. टोक भिंतीत शिरतं तिथे पाहा. आजूबाजूच्या विटा फोडून पुन्हा भरल्या असतील तर छत मागाहूनचं.

गर्डर_पाहा
बरोबर. म्हणून गर्डर फक्त 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगतो.

सुरखी
विटांचं माप एका विटेवरून घेऊ नका. सांध्यांसकट दहा थरांची उंची मोजा आणि भागाकार करा. जुनी नऊ इंच लांबीची वीट आणि आजची १९ सेंमी लांबीची वीट लगेच वेगळी पडते. त्याच भिंतीत माप बदललं की तिथे दार बुजवलंय किंवा मजला चढवलाय असं समजा. बँकांमध्ये खिडक्या बुजवणं नेहमीचंच.

सांध्यातला माल लालसर असेल आणि खिळ्याने सुटत असेल तर चुना-सुरखी, म्हणजे चुना आणि विटांची पूड. करडा आणि टणक असेल तर सिमेंट, पण त्यावरून भिंत नवी ठरवू नका. बहुतेक ठिकाणी ते वरवरचं पॉइंटिंग, म्हणजे सांध्याच्या तोंडाशी नंतर भरलेला माल, असतं, मागे इंचभर खोल चुनाच सापडतो. हेच पॉइंटिंग विटा खातं. पावसाळ्यात मुरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग विटेतून निघतं, क्षार मागे ठेवतं आणि विटेचा पापुद्रा झडतो. लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरला म्हणून लोक वरून ऑइलपेंट मारतात, तो तर कहरच.

पॉइंटिंग काढायचं असेल तर छिन्नी-हातोडीने. ग्राइंडर विटेची धार खातो. सांधा जेवढा रुंद त्याच्या दुप्पट खोल मोकळा करा, धुवा, ओला असतानाच चुन्याचा माल दाबून भरा आणि आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात चुना धरण्याआधीच वाळून भुगा होतो.

काळीमाती
खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली की 'इमारत म्हातारी झाली' म्हणतात. तिचं मूळ बरेचदा पायाखाली असतं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भेगेवर तारीख घालून काचेची पट्टी चिकटवा, पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही जाऊ द्या. फुटली तर भेग चालू आहे. मग आधी पन्हाळीचं पाणी पायापासून दूर न्या, गिलावा नंतर.

नझूलवाला
एक राहिलं. इमारत वारसा यादीत असेल तर छिन्नी लावण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. अर्जासोबत जुने आणि आजचे फोटो एकाच कोनातून काढलेले जोडा.