सुर्व्यांच्या कवितेत बोलणारी माणसे

प्रश्न
नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ या कवितेतला ‘मी’ आत्मकथनपर आहे, परंतु ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’मध्ये कवी दिसतच नाही. या दोन्ही ‘मी’ना एकाच कवीचा आवाज मानावे का?

प्रतिसाद १
मानू नये, असे मला वाटते. ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’मध्ये मुलाला शाळेत घालायला आलेली आई एकटीच बोलते. तरीही मास्तरांनी बापाचे नाव विचारले हे तिच्या उत्तरावरून कळते, आणि न बोलणारे मास्तर इतके जवळ येतात की ‘तुमचंच नाव लिवा’ ही विनंती आपल्यालाच केलेली आहे, असे वाटू लागते. ‘लिवा’चे ‘लिहा’ केले, तर ती बाईच कवितेतून निघून जाईल.

प्रतिसाद २
सहमत आहे. मात्र सुर्व्यांची कार्ल मार्क्सवरची कविता मधली वाट दाखवते. पहिल्या संपाची आठवण ‘मी’च सांगतो, पण मार्क्सची ओळख जानकी अक्का तिच्या बोलीत करून देते, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची करून द्यावी तशी. मला ती कवितेतली सर्वांत मोलाची व्यक्तिरेखा वाटते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. ‘लिवा’चा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता; आता सुर्व्यांची ‘मनीऑर्डर’ ही कविताही मोठ्याने वाचून पाहतो.