प्राचीन इजिप्तच्या देवी: नुसत्या ‘पत्नी’ आणि ‘माता’ होत्या का?

वाचनखूण (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. प्राचीन इजिप्तच्या धर्माविषयी मिळेल ते वाचत असताना एक गोष्ट सतत खटकते. आपल्याकडच्या लेखांत तिथल्या देवींची ओळख बहुधा नात्याने किंवा एखाद्या खात्याने करून दिलेली असते. आयसिस म्हणजे ओसायरिसची पत्नी आणि होरसची आई, मुट म्हणजे आमुनची पत्नी, हॅथोर प्रेमाची व संगीताची देवी, बास्तेत मांजरांची देवी, असे लिहून लेखक पुढच्या देवाकडे वळतो. त्यामुळे राजाच्या राज्याभिषेकात, मंदिरातल्या रोजच्या पूजेत, मृताच्या शवपेटीवर किंवा सामान्य माणसाच्या आजारपणात या देवींचे प्रत्यक्ष काम काय होते, याचा पत्ता लागत नाही.

सोबत आणखी दोन शंका आहेत. आपल्याकडे आकाश पिता आणि पृथ्वी माता; इजिप्तमध्ये मात्र आकाश ही नूत नावाची देवी आहे आणि पृथ्वी हा गेब नावाचा देव. या उलटापालटीमागे काही कारण दिसते का? आणि सिंहमुखी सेखमेत साथी पाठवते व तीच त्या आवरते, असे वाचल्यावर मला गावाच्या वेशीवरची मरीआई आठवली. ही तुलना कितपत ताणावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शिलालेख

पत्नी आणि माता ही विशेषणे खोटी नाहीत, परंतु ती अपुरी आहेत. इजिप्तच्या कथा लक्षपूर्वक वाचल्या तर त्यांतले थोर पुरुष देव बहुतेक वेळा अडचणीत सापडलेले दिसतात आणि त्यांना त्यातून बाहेर काढणारी हालचाल एखादी देवी करते. ओसायरिस मारला गेलेला आहे. त्याचा देह शोधणे, त्याच्यासाठी शोक करणे, त्याला पुन्हा सजीव करून त्याच्यापासून वारस मिळवणे आणि तो वारस दलदलीत लपवून वाढवणे, हे सारे आयसिस करते आणि शोकात तिची बहीण नेफ्थिस तिच्यासोबत असते. इ.स.पू. २३५० च्या सुमारास उनास राजाच्या पिरॅमिडच्या आतल्या भिंतींवर जे मंत्र कोरले गेले, त्यांतही या दोघी मृत राजाचा शोध घेताना दिसतात. म्हणजे हा उत्तरकाळात घातलेला मुलामा नव्हे.

रा हा सूर्यदेव तर सर्वश्रेष्ठ, पण एका कथेत तो इतका म्हातारा झाला आहे की त्याच्या तोंडातून लाळ गळते. आयसिस ती लाळ मातीत कालवून साप घडवते, तो साप रा याला डसतो आणि विष उतरवण्याच्या बदल्यात ती त्याचे गुप्त नाव काढून घेते. ही कथा पपायरसावर उतरवली गेली ती विंचू-सापाच्या विषावरचा मंत्र म्हणून. वैद्य किंवा मांत्रिक रुग्णाजवळ ती म्हणत असे, आणि जे विष आयसिसने देवाच्या अंगातून उतरवले ते या माणसाच्या अंगातूनही उतरावे, अशी अपेक्षा असे. देवीचे ‘काम’ म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मला सुचत नाही.

पाचव्या रामसेस राजाच्या काळातल्या एका पपायरसात होरस आणि त्याच्या बापाला, ओसायरिसला, मारणारा काका सेथ यांच्या वारसाहक्काचा खटला रंगवला आहे. देवांची सभा वर्षानुवर्षे निकाल लावू शकत नाही. अखेर साईस नगरीच्या नीथ या वृद्ध देवीला पत्र पाठवून तिचे मत विचारले जाते. तिचे उत्तर स्पष्ट आहे: गादी होरसला द्या, सेथची मालमत्ता दुप्पट करून त्याला अनात आणि अस्तार्ते या दोघी देवी द्या, नाहीतर मी संतापेन आणि आकाश जमिनीवर कोसळेल. एवढे सांगूनही खटला मिटत नाही, ही गोष्ट वेगळी. सरकारी कामकाजाचा अनुभव त्या लेखकालाही असावा.

राजपदाचेही तेच. आयसिसच्या मस्तकावर जे चिन्ह दिसते ते सिंहासनाचे आहे. राजाच्या पाच अधिकृत नावांपैकी एक ‘दोन देवींच्या’ आश्रयाखाली लिहिले जाई: दक्षिणेची गिधाडरूपी नेखबेत आणि उत्तरेची नागरूपी वाजेत. तुतानखामूनच्या सुवर्णमुखवट्यावर कपाळाशी गिधाड आणि नाग शेजारी शेजारी आहेत, त्या याच दोघी. नाग तिथे शोभेसाठी बसवलेला नाही. राजाच्या शत्रूवर आग ओकणे हे त्याचे काम.

याविषयी मला सर्वांत बोलका पुरावा अखेनातेनचा वाटतो. या राजाने आतेन म्हणजे सूर्यबिंबरूपी देव सोडून इतर देवांच्या उपासनेवर घाला घातला, आमुनची नावे छिन्नीने खोडून काढायला लावली. शवपेटीच्या चार कोपऱ्यांवर एरवी रक्षक देवी पंख पसरून उभ्या असायच्या. त्याला त्याही नको होत्या. पण म्हणून त्याने कोपरे रिकामे ठेवले नाहीत. आपल्या दगडी शवपेटीच्या चारही कोपऱ्यांवर त्याने राणी नेफर्तितीची आकृती कोरवून घेतली. देवी हद्दपार करता आल्या, पण मृताभोवती बाहू पसरणाऱ्या स्त्रीची गरज हद्दपार करता आली नाही. तुतानखामूनच्या काळात त्याच जागी आयसिस, नेफ्थिस, नीथ आणि सेल्केत परत आल्या.

वैनगंगा

आकाश आणि पृथ्वीविषयी थोडे. इजिप्तमध्ये पाऊस जवळपास पडतच नाही, पाणी येई ते नाईलच्या पुराने, जमिनीच्या बाजूने. त्यामुळे ‘आकाशपित्याने पर्जन्याच्या रूपाने पृथ्वीला फलवती केले’ ही आपल्याला सहज वाटणारी कल्पना तिथे रुजायला जागाच नव्हती, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. ते पटण्यासारखे आहे, परंतु माझ्या मते ते निम्मेच आहे. दुसरा निम्मा भाग सूर्याचा आहे. सूर्य संध्याकाळी कुठे जातो आणि सकाळी नवा होऊन कसा येतो, याचे उत्तर इजिप्शियन माणसाने असे दिले की नूत त्याला संध्याकाळी गिळते, रात्रभर तो तिच्या देहातून प्रवास करतो आणि पहाटे ती त्याला जन्म देते. आकाश हे गर्भाशय असेल तर ते पुरुष असून कसे चालेल?

राजांच्या दरीतल्या सहाव्या रामसेसच्या थडग्यात शवपेटीच्या दालनाचे छत पाहिले (छायाचित्रे सहज मिळतात) तर नूतच्या दोन लांबलचक आकृती पाठीला पाठ लावून छतभर पसरलेल्या दिसतात, एक दिवसाची आणि एक रात्रीची, आणि देहातून जाणारी सूर्यबिंबे लाल ठिपक्यांसारखी ओळीने रंगवलेली आहेत. पुढे हीच आकृती शवपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगवण्याचा प्रघात पडला. ते चित्र जिवंत माणसाने पाहण्यासाठी नव्हतेच. झाकण बंद झाले की मृताच्या चेहऱ्यासमोर नूत येई, आणि सूर्यासारखा तोही तिच्या पोटी पुन्हा जन्मेल, अशी ती व्यवस्था होती.

मोडीवाचक

मरीआईच्या तुलनेबद्दल लिहितो, कारण हा मोह मलाही झाला होता. साम्य खरे आहे. सेखमेतचा कोप म्हणजे साथ, आणि तिची शांती म्हणजे आरोग्य. वर्षाचे ३६० दिवस संपल्यावर उरणारे ५ दिवस तिथे अत्यंत घातक मानले जात, कारण त्या काळात सेखमेतचे दूत रोगराई घेऊन हिंडतात, असा समज होता. त्यांपासून बचावाचा एक विधी आपल्यापर्यंत पोहोचला आहे: तलम तागाच्या कापडावर देवांच्या आकृती काढायच्या, त्याला १२ गाठी मारायच्या, मंत्र म्हणून ते गळ्यात बांधायचे, आणि भाकरी, बिअर व धूप अर्पण करायचा. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हा विधी समजावून सांगावा लागणार नाही.

फरक मात्र मोठे आहेत. मरीआई गावाच्या वेशीवरची. तिचा पोतराज समाजाच्या कडेला राहणारा. सेखमेतचे पुरोहित हे प्रतिष्ठित विद्यावंत होते. एबर्स पपायरस या प्रसिद्ध वैद्यकग्रंथात नाडी पाहणाऱ्यांचा उल्लेख येतो तेव्हा वैद्य, सेखमेतचा पुरोहित आणि मांत्रिक यांना एका ओळीत बसवले आहे. शिवाय सेखमेतला राजाश्रय होता तो अफाट. इ.स.पू. १३९० ते १३५२ च्या सुमारास राज्य करणाऱ्या तिसऱ्या आमेनहोतेपने थीब्ज नगरीत काळसर ग्रॅनोडायोराइट दगडात तिच्या शेकडो मूर्ती घडवून घेतल्या. मूळ संख्या ७०० हून अधिक असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली एखादी जवळून पाहावी. देह सडपातळ स्त्रीचा, मस्तक सिंहिणीचे; सिंहिणीला आयाळ नसते, तरी शिल्पकाराने चेहऱ्याभोवती केसांची झालर कोरली आहे आणि ती खाली स्त्रीच्या केसांच्या टोपात अशी मिसळली आहे की प्राणी कुठे संपतो आणि बाई कुठे सुरू होते, ते डोळ्यांना सापडत नाही. बैठ्या मूर्तीचे हात मांड्यांवर शांत टेकलेले असतात. अनेक मूर्तींवर देवीचे वेगवेगळे विशेषण कोरलेले आहे, त्यामुळे हा सारा मूर्तिसंभार म्हणजे दगडात म्हटलेले एक लांबलचक शांतिस्तोत्रच आहे, असे मानले जाते.

मानवसंहाराची कथाही इथे सांगायला हवी. वृद्ध झालेल्या रा याच्याविरुद्ध माणसे कट करतात. तो आपला नेत्र हॅथोरच्या रूपाने त्यांच्यावर सोडतो. ती वाळवंटात माणसे मारत सुटते आणि सेखमेत होते. रा याला पश्चात्ताप होतो, पण आता तिला थांबवणार कोण? तेव्हा ७,००० घडे बिअर तांबड्या मातीने रक्तासारखी रंगवून शेतांत ओतली जाते. ती ते पिऊन झिंगते आणि माणसांना ओळखेनाशी होते. ‘प्रेमाची व संगीताची देवी’ हॅथोर ती हीच. देवळातले नृत्य, खुळखुळ्यासारख्या सिस्ट्रम वाद्याचा नाद, मद्योत्सव, हे सगळे या रागीट देवतेला सौम्य रूपात ठेवण्याचे उपाय होते. खाते वाटून द्यायचेच असेल तर या देवींना ‘आग’ हे खाते द्यावे: चुलीत असली तर घर चालते, सुटली तर गाव जळते.

वाचनखूण

तिघांचेही मनापासून आभार. नीथचे पत्र आणि नेफर्तितीचे चार कोपरे हे माझ्यासाठी सर्वस्वी नवे होते. आता ओघानेच येणारा प्रश्न: देवींना एवढे सामर्थ्य होते, तर त्याचा तिथल्या स्त्रियांना काही लाभ झाला का?

शिलालेख

थोडा झाला, परंतु देवींमुळे झाला, असे म्हणायला मी कचरतो. इजिप्तमधल्या स्त्रीला मालमत्ता बाळगता येई, न्यायालयात उभे राहता येई, मृत्युपत्र करता येई. देर अल-मदिना या कारागिरांच्या वस्तीतल्या नौनाख्ते नावाच्या वृद्धेने, पाचव्या रामसेसच्याच काळात, साक्षीदारांसमोर जाहीर केले की ८ मुलांपैकी ज्यांनी म्हातारपणी मला पाहिले नाही त्यांना माझ्या वाट्यातून काही मिळणार नाही. ते कागद आजही उपलब्ध आहेत. पण हा कायद्याचा आणि मालमत्तेच्या रिवाजाचा भाग झाला.

देवळात तर उलटा प्रवास दिसतो. पिरॅमिडांच्या काळात हॅथोरच्या पुजारिणी मोठ्या संख्येने आढळतात; पुढे देवळांचा कारभार पूर्णवेळ पुरुष पुरोहितांच्या हाती एकवटत गेला तशी स्त्रियांच्या वाट्याला मुख्यतः गायिकेची पदवी उरली. म्हणजे ज्या शतकांत देवींची भव्य मंदिरे उभी राहत होती, त्याच शतकांत पुजारिणी मागे हटत होत्या.

एक ठळक अपवाद थीब्जच्या ‘आमुनच्या देवपत्नी’ या पदाचा. पंचविसाव्या आणि सव्विसाव्या राजवंशांत हे पद इतके वजनदार झाले की राजे आपल्या मुलींना आधीच्या देवपत्नीला दत्तक देत. इ.स.पू. ६५६ मध्ये पहिल्या प्सामतिकने आपली मुलगी निटोक्रिस हिला जहाजांच्या ताफ्यासह थीब्जला पाठवले आणि तेव्हाची देवपत्नी शेपेनवेपेत हिची वारस म्हणून तिला मान्यता मिळवली; दक्षिण इजिप्त त्याने लढाईवाचून पदरात पाडून घेतला तो असा. इ.स.पू. ५२५ मध्ये इराणी सत्ता आली आणि ही परंपरा थांबली. तेव्हा स्त्रीला धार्मिक पदातून सत्ता मिळू शकत होती, पण ती राजकन्येला, आणि बापाच्या सोयीने.

वैनगंगा

शिलालेख यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण ‘लाभ’ म्हणजे पद आणि मालमत्ता एवढाच अर्थ का घ्यावा? बाळंतपणात पाणघोड्याच्या रूपातली, पोट सुटलेली, दात विचकणारी तावेरेत घराघरांत होती. तिला भव्य देवळाची गरज पडली नाही. देर अल-मदिनाच्या वरच्या डोंगरशिखरालाच तिथले लोक मेरेतसेगेर ही नागदेवी मानत. नेफेराबू नावाच्या कारागिराची शिला तुरिनच्या संग्रहालयात आहे. तीत तो कबूल करतो की मी अज्ञानाने शिखराचा अपराध केला, तिने मला शिक्षा केली, प्रसूतिवेदनांतल्या बाईसारखा मी विटांवर बसून होतो, वाऱ्याला हाक मारली तर तोही येईना. आणि मग तिने दया केली. विटांवर बसून बाळंत होण्याची तिथली रीत होती. एका पुरुषाने स्वतःच्या यातना सांगण्यासाठी हीच उपमा निवडली, ही बाब मला कुठल्याही पदवीपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

मोडीवाचक

शेवटाबद्दलही लिहून ठेवतो, कारण या देवींपैकी आयसिस सर्वांत उशिरापर्यंत टिकली. फिली बेटावरच्या तिच्या मंदिरात २४ ऑगस्ट ३९४ रोजी कोरलेला मजकूर हा चित्रलिपीतला आपल्याला ठाऊक असलेला अखेरचा दिनांकित लेख. रोमन साम्राज्यात इतरत्र जुनी देवळे बंद होत असताना हे चालू राहिले ते दक्षिण सीमेवरच्या ब्लेमी लोकांच्या श्रद्धेमुळे. त्यांना आयसिसची मूर्ती काही काळ आपल्या प्रदेशात नेण्याची मुभा तहाने मिळाली होती. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनने ते बंद केले. अस्वानच्या धरणामुळे बेट पाण्याखाली जाऊ लागले तेव्हा १९७० च्या दशकात सारे मंदिर सुटे करून शेजारच्या अगिल्किया बेटावर उभारले गेले, ते आज तिथे पाहता येते.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात आयसिसच्या मंदिराच्या प्रांगणात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले, आणि त्याच ठिकाणी इ.स. २४८ च्या सुमाराचा संस्कृत लेखही मिळाला आहे. याच व्यापारमार्गावरच्या भडोच बंदरात पैठण आणि तेर इथला माल गाड्यांनी जात असे, हे पहिल्या शतकातल्या ग्रीक नौकावर्णनात नमूद आहे. तो माल नेणाऱ्या जहाजांवरच्या कोणी आयसिसपुढे हात जोडले असतील का, हे मूर्ती सांगत नाही; पण तिच्या अंगणात भारतातल्या देवतेला जागा मिळाली होती, एवढे निश्चित.