धोतरा आणि ॲट्रोपिन

धोतऱ्याच्या बियांत ॲट्रोपिन असतं, म्हणजे औषध म्हणूनही वापरलं जाणारं एक विषारी द्रव्य. मग घरीच काढा करून दम्यावर घ्यायला काय हरकत, असं एकांनी विचारलंय. हरकत आहे, आणि मोठी आहे. एका झाडाच्या बिया दुसऱ्यासारख्या नसतात. विषारी द्रव्याचं प्रमाण झाडागणिक, ऋतूगणिक बदलतं. इंजेक्शनच्या ॲम्प्युलमध्ये (काचेच्या छोट्या बंद कुपीत) मोजून ०.६ मिलिग्रॅम असतं, मूठभर बियांत किती ते कोण सांगणार?

हेच औषध शेतात फवारायचं ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक पोटात गेलेल्या पेशंटला मात्र जीवदान देतं. लाळ गळतेय, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद. डॉक्टर काही ॲम्प्युल एकदम देतात आणि दर पाच मिनिटांनी छाती ऐकून, काख चाचपून डोस दुप्पट करत जातात. छाती मोकळी झाली, काख कोरडी पडली, नाडी ८० च्या वर गेली की दुप्पट करणं थांबतं. नुसत्या बाहुल्यांवर विसंबून चालत नाही.

ॲट्रोपिन जास्त झालं तर तोच पेशंट तापाने फणफणतो, लघवी अडते, बडबडतो, हवेतले न दिसणारे धागे वेचत बसतो. धोतरा खाल्लेला माणूस हुबेहूब असाच दिसतो. गंमत म्हणजे यावरचा उतारा, फायसोस्टिग्मिन, तोही पश्चिम आफ्रिकेतल्या एका विषारी बीमधूनच सापडला. तिथे ते बी आरोपीला खायला घालून गुन्हा ठरवत!

तेव्हा काढा नको. दम्याला याच कुळातलं इप्राट्रोपियम इनहेलरमध्ये मिळतं, डॉक्टरांना विचारा.