मेंदूतल्या इलेक्ट्रोडला नॅनो कोटिंग: खरा फायदा किती?

गोदाकाठ:
माझं मत मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा. मेंदूचे सिग्नल पकडण्यात आत्ता खरं अडतंय ते इलेक्ट्रोडच्या, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या तारेच्या टोकाशी, चिपशी नाही. एकेका न्यूरॉनचं (मेंदूतल्या चेतापेशीचं) वेगळं ऐकायचं तर टोक बारीक हवं, पण टोक बारीक केलं की इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो, त्याबरोबर नॉईज (नको ती खरखर) वाढतो, आणि सिग्नल असतो जेमतेम शंभरेक मायक्रोव्होल्टचा, तो त्यातच बुडतो. नॅनो मटेरियल इथे कामाला येतं. टोकाची जाडी तीच ठेवून वर कार्बन नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा खडबडीत थर द्यायचा, म्हणजे मेंदूतल्या द्रवाला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो आणि इम्पिडन्स उतरतो. २००८ मध्येच साध्या टंगस्टन आणि स्टीलच्या तारांना असं कोटिंग देऊन उंदीर-माकडांमध्ये रेकॉर्डिंग सुधारलेलं दाखवलंय. इतकी वर्षं झाली तरी हे पेशंटपर्यंत पोचत नाही याचा मला मनापासून राग येतो.

मेंदूवाटा:
इम्पिडन्सच्या आकड्यावर जाऊ नका. तो बहुतेक वेळा मिठाच्या पाण्यात १ किलोहर्ट्झला मोजलेला असतो. मेंदूत सुई गेल्यावर वेगळंच सुरू होतं. सुईचं सिलिकॉन मेंदूपेक्षा कोट्यवधी पट कडक, आणि मेंदू तर प्रत्येक श्वासाला, ठोक्याला हलतो, मग टोकाभोवती मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या संरक्षक-आधार पेशी जमून व्रणाचा थर धरतात आणि जवळचे न्यूरॉन मरतात. न्यूरॉन साधारण १०० मायक्रॉनच्या आत नसेल तर तुमचं कोटिंग ऐकणार कुणाचं? २०२४ मध्ये मेंदूत चिप बसवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीच्या पहिल्या पेशंटमध्ये इलेक्ट्रोडचे बरेच धागे मेंदूतून मागे सरकले, त्यात कोटिंगचा काय संबंध होता?

गोदाकाठ:
कडकपणावर उपायही याच क्षेत्रातून आलाय की. हार्वर्डमध्ये चार्ल्स लीबर यांच्या गटाने २०१५ मध्ये सिरिंजमधून सोडता येईल अशी इलेक्ट्रोडची मऊ जाळी केली, आणि पुढे तसल्याच जाळीने उंदरांमध्ये तेच तेच न्यूरॉन महिनोन्महिने ऐकले. मऊपणा आणि कमी इम्पिडन्स, दोन्ही लागतं. तुम्ही एकच धरून बसलाय.

रातराणी:
माझ्या भावाला फिट्स येतात, औषधांना दाद देत नाहीत, म्हणून मी हे सगळं वाचते. नॅनोट्यूबचं कौतुक करताना दुसरी बाजू कुणी बोलतच नाही. त्याच २००८ मध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी दाखवलं होतं की लांब नॅनोट्यूब उंदराच्या पोटाच्या पोकळीत ॲस्बेस्टॉससारखी इजा करतात. २०१४ मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) नॅनोट्यूबचा एक प्रकार, एमडब्ल्यूसीएनटी-७, माणसात कॅन्सर करू शकण्याची शक्यता असलेल्यांत टाकला. कोटिंगमधून तंतू सुटले तर ते मेंदूतून कोण वेचणार?

कोकणकडा:
ताई, भीती रास्त आहे, पण नॅनो म्हणजे फक्त नॅनोट्यूब नव्हे. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टीमने २०२२ मध्ये प्लॅटिनमच्या नॅनोकाड्या असलेली पातळ ग्रिड (इलेक्ट्रोडची चादर) माणसाच्या मेंदूवर ठेवून रेकॉर्डिंग केलं, हजारावर सेन्सर होते. दवाखान्यातल्या नेहमीच्या ग्रिडमध्ये दोन इलेक्ट्रोडमध्ये सेंटिमीटरभर अंतर असतं, तेव्हा ऑपरेशनमध्ये मेंदूचं कुठलं कापायचं आणि कुठलं वाचवायचं ही सीमा किती बारीक दिसेल बघा. मेंदूत काही खुपसायचं नाही, ऑपरेशन संपलं की काढून घ्यायचं. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या सॅलफर्डला ट्यूमरच्या ऑपरेशनमध्ये ग्राफीनचं (अणूइतक्या पातळ कार्बनच्या थराचं) इलेक्ट्रोड पहिल्यांदा माणसात वापरलं तेही असंच, थोड्या वेळापुरतं. मला वाटतं पैसा आधी इथे लावावा. मेंदूवाटा म्हणतात तो व्रणाचा प्रश्न इथे जवळजवळ येतच नाही.

मेंदूवाटा:
हे मला मान्य. माझा विरोध आयुष्यभर आत ठेवायच्या सुयांबद्दल होता. लकव्याच्या पेशंटला दहा वर्षं टिकणारं काहीतरी हवंय, आणि उंदरातले महिने म्हणजे माणसातली वर्षं नव्हेत.

रातराणी:
कोकणकडा, फिट काही ऑपरेशन टेबलवर सांगून येत नाही हो. म्हणून तर ग्रिड आत ठेवून पेशंटला आठवडा-दोन आठवडे वॉर्डात ठेवतात, औषधं कमी करतात आणि फिटची वाट बघतात. भावाबाबत डॉक्टर हेच म्हणालेत. तेव्हा तासाभराच्या रेकॉर्डिंगने माझं समाधान होत नाही. तुमचं प्लॅटिनम किंवा ग्राफीन दोन आठवडे आत ठेवा, बाहेर काढल्यावर मायक्रोस्कोपखाली बघा, थर शाबूत आहे का, काही मागे राहिलं का, ते सगळं उघड छापा. तोवर त्याच्यासाठी मी जुनी सेंटिमीटरवाली ग्रिडच मागणार.